तीन जिवांचं ताट

दसरा जवळ आला की जामसरच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी खुरासणी फुलते. उतारच्या उतार पिवळे होऊन जातात. मुंबईकडची माणसं गाड्या थांबवतात, त्या पिवळ्यात उभी राहून फोटो काढतात, किती छान, किती छान करतात. मला मात्र ते पिवळं दिसलं की भूक लागते. खोटं नाही सांगत. घरून पोटभर जेवून निघाले असले तरी लागते. पर्समध्ये चिक्की, बिस्किटाचा पुडा, काही ना काही असतंच माझ्याकडे. जीप चालू असतानाच मी पुडा फोडते आणि खाते. पन्नाशी उलटलेली मुख्याध्यापिका भर जीपमध्ये कुरुमकुरुम खाते म्हणून कुणाला हसायचं असेल तर हसू दे.

ही भूक आजची नाहीच. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका सुगीची आहे. तेव्हा मी जामसरच्या अलीकडच्या एका पाड्यावर शाळेत शिकवत होते. लग्नाला दीड वर्ष झालेलं. नवरा मोखाड्याला कचेरीत कारकून. शनिवारी संध्याकाळी जीपने यायचा, सोमवारी सकाळी पहिल्या गाडीने जायचा. एरवी घरात मी, सासूबाई आणि सासरे. मी जव्हार गावातली, किराणा दुकानदाराची मुलगी. आमच्या घरी चैन कसलीच नव्हती, पण पोरांच्या ताटात काय पडतंय यावर कुणी डोळा ठेवत नव्हतं. मागायचं आणि खायचं. ही सवय घेऊन मी सासरी आले. तोंडाने फटकळ म्हणून नाव आधीच झालं होतं. आणि त्या वर्षी एप्रिलात मला दिवस गेले.

भाद्रपद सरता सरता पाचवा महिना संपत आला आणि पोट सातव्यासारखं दिसायला लागलं. निऱ्या जागेवर राहीनात. विहिरीवरच्या बायका आधी माझ्या तोंडाकडे बघून बोलायच्या, त्या आता पोटाकडे बघून बोलायला लागल्या. एकीने विचारलं, जुळं केळं खाल्लं होतंस का गं? मी म्हटलं, एक कशाला, अख्खी फणी खाल्ली. दुसरीने माझ्या माहेरच्या चार पिढ्या चौकशीत काढल्या. शाळेतल्या पोरींनी आपसात ठरवूनच टाकलं की बाईंच्या पोटात दोन आहेत, आणि एक पहिलीत आणि एक बालवाडीत बसवायचं. दोघं एकाच वर्गात बसतील हे मी त्यांना समजावलं, तर त्यांना ते पटेना.

शेवटी सासूबाईंनी वरच्या पाड्यावरून जानीआजीला बोलावलं. जानीआजी आमच्याकडची सुईण. आजूबाजूच्या पाड्यांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तिने खुरासणीचं तेल कोमट करून तळव्यांना लावलं, डोळे मिटले आणि माझं पोट चाचपत बसली. हात खरखरीत, पण दाब असा की दुखत नव्हतं. वर बरगडीखाली तिला काहीतरी गोल, टणक लागलं. मग खाली ओटीपोटात दुसरं. पुन्हा वर, पुन्हा खाली. मग डोळे उघडून ती बोलली ती माझ्याशी नाही, सासूबाईंशी.

"दोन डोकी हायत. एक वर, एक खाली."

मला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग नुसतीच धडधड. पण सासूबाई हसल्या नाहीत की घाबरल्यासारख्याही दिसल्या नाहीत. त्या उठून चुलीकडे गेल्या. संध्याकाळी जेवायला बसले तर माझ्या ताटात अर्धी नागलीची भाकर होती आणि भात मुठीत मावेल एवढा.

बाहेरच्या माणसांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. बाई दोन जिवांची झाली की त्यांच्याकडे तूप, लाडू, दोघांचं खा म्हणून आग्रह. आमच्या त्या घरात आणि आजूबाजूच्या बऱ्याच घरांत उलटी रीत होती. पोटुशीने कमी खायचं. का, तर अन्नाने पोट भरलं की मुलाला आत जागा उरत नाही. आणि जास्त खाल्लं की मूल मोठं होतं, मोठं मूल अडतं, आणि अडलेल्या बाईला न्यायला ना दवाखाना जवळ ना रस्ता धड. ही रीत वेड्या माणसांनी घातलेली नव्हती, घाबरलेल्या माणसांनी घातली होती. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की मला भूक लागली आहे.

सासूबाईंची भीती हवेतली नव्हती. त्या सुगीच्या चार वर्षं आधी शेजारच्या घरातली बुधी दोन दिवस अडली होती. जीप मिळेपर्यंत उशीर झाला. ओढा ओलांडायच्या आतच ती गेली, मूल पोटातच. तिचं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, भात पाखडता पाखडता, सुपावरची नजर न उचलता. आणि शेवटी म्हणाल्या, बुधी खायची लई.

मी म्हटलं, आई, बुधी खाऊन नाही मेली, रस्त्यावाचून मेली. त्यांनी सूप आपटलं आणि आत गेल्या. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. रागच आला.

आणि हे सगळं कधी, तर ऐन सुगीत. आमच्या भागात घरं भरतात ती वर्षातून एकदाच, याच दिवसांत. हळवं भात आधी येतं, मग वरई, नागली. कापलेल्या भाताचा तो ओलसर गोड वास साडीला, केसांना, खडूच्या डब्यालासुद्धा लागलेला. खळ्यावर झोडणीची धपधप दिवसभर चालू. उन्हाला चटका, सावलीला गारवा. कणग्या सारवून ठेवलेल्या, त्यांच्या शेणाचा ओला वास. कुणाच्याही दारात उभं राहा, उकडलेल्या शेंगा हातावर येतात. त्या भरल्या घरात मी अर्धी भाकर घेऊन बसायचे आणि ती संपू नये म्हणून बारीक बारीक घास करायचे. मग स्वतःचीच लाज वाटायची. पगार मिळवणारी बाई मी, आणि भाकर पुरवून पुरवून खाते!

वाद तरी किती सरळ होता बघा. मी म्हणायचे, दोन आहेत म्हणून जास्त वाढा. त्या म्हणायच्या, दोन आहेत म्हणून कमी खा. आम्हा दोघींनाही दोन आहेत हे मान्य होतं, आणि नेमकं त्यावरूनच आम्ही भांडत होतो. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, आईने एवढी वर्षं बघितलंय, ऐक ना तिचं. शनिवार-रविवार येणाऱ्या माणसाला हे बोलायला सोपं असतं. तोच माणूस मोखाड्याच्या बाजारात भजी खाऊन जीपमध्ये बसायचा, वास यायचा मला त्याच्या शर्टाला.

दसऱ्यानंतर शाळेची सहल शिरपामाळला नेली. गुरुजींनी मुलांना महाराजांच्या मुक्कामाची गोष्ट सांगितली, मुलांनी घोषणा दिल्या, वाऱ्यावर झेंडा फडफडला, आणि मग सगळे डबे उघडून बसले. माझ्या डब्यात रोजचीच अर्धी भाकर आणि चटणी. ती दोन मिनिटांत संपली आणि मी उगाच लांबचे डोंगर बघत बसले. तर तिसरीतली एक पोर उठून आली आणि तिने भाकरीचा तुकडा माझ्या डब्यात टाकला. मग दुसरी आली. मग मुलं पण. कुणी सुकट, कुणी काकडीची फोड. ज्या पोरांच्या घरी श्रावणात दोन वेळची चूल पेटायची मारामार, ती पोरं मला वाढत होती. एक जण म्हणाली, बाई, तुमाला तिघांचं लागल ना? मी सगळं खाल्लं. एक तुकडा परत दिला नाही.

परतताना टेंपोत माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. पोरांनी दिलेलं खाताना लाज नाही वाटली, मग घरच्या भाताच्या पातेल्याला हात घालायला कसली लाज?

दोनच दिवसांनी घरी नव्या भाताचं पहिलं जेवण होतं. देवाला, मेलेल्या माणसांना दाखवल्याशिवाय आमच्याकडे नवं खात नाहीत. नैवेद्य झाला. कापणीला आलेली सात-आठ माणसं ओटीवर पंगतीला बसली, सासरे होते, रविवार असल्यामुळे नवराही होता. बायकांनी नंतर बसायचं, पण मला उभं राहवत नव्हतं म्हणून सासूबाईंनी कोपऱ्यात बसवून ताट दिलं. वाफाळणारा नवा भात, वर उडदाचं वरण. मूठभर.

मी ताट सरकवलं, पातेलं ओढलं आणि पंगत अजून अर्ध्यावर असताना स्वतःच्या हाताने भात वाढून घेतला. एकदा, आणि पुन्हा एकदा. ओटीवरची माणसं खायची थांबली. सासऱ्यांनी मान खाली घातली. नवरा वरणाकडे असा बघत होता की जणू त्याला त्यात काही सापडणार होतं.

सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मरायचं हाय तुला?"

मी म्हटलं, "मरायचं असेल तर भरल्या पोटी मरेन. तिघांचं ताट आहे हे, तिघांचंच वाढून घेणार."

त्यानंतर मी जेवले. त्या भाताची चव मला अजून आठवते आणि खरं सांगायचं तर ती चांगली नव्हती. पण ताट पुसून घेतलं. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात; त्या दिवशी माझा विठोबा रुसलेला, सासर रुसलेलं, तरी पोटोबाची पूजा मी पुरी केली.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. जेवणाच्या वेळी पातेलं माझ्यासमोर आणून ठेवायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायच्या. घे तुझं तूच. मग रोज दोन वेळा मी त्या पाठीसमोर जेवायचे. भाकऱ्या, भात, खुरासणीची चटणी, आठवड्याच्या बाजारातून आणलेली अंडी. गूळ तर खिशात घेऊन फिरावा तसा पदराला बांधून असायचा. भूक भागली की भीती यायची. दुपारच्या सुट्टीत शाळेच्या ओट्यावर बसून मी पोटावर हात ठेवायचे आणि विचारायचे, दोन आहात ना रे? दोनच असा. एकच असलास तर तू फार मोठा होशील, आणि मग बुधीसारखं...

कारण खरी गोम तिथे होती. दोन असतील तर मी शहाणी. एकच असेल तर मी आपल्या हाताने आपलं बाळंतपण अडवत होते.

दर बुधवारी उपकेंद्राची सिस्टर यायची. तिने लाकडी नळकांडं पोटाला लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाली, एक ठोका ऐकू येतोय, दुसरा मागे असेल तर सांगता येत नाही; वरचं ते डोकंच असेल असं नाही, बाळाची बैठकसुद्धा असते तशी. नाशिकला जा, मशीनवर दोन मिनिटांत कळेल. आमच्या माहितीत तेव्हा तालुक्यात तसलं मशीन नव्हतं. घरी सांगितलं तर सासूबाईंनी मौन सोडून पहिल्यांदा तोंड उघडलं: घाटातले गचके नको. नवरा म्हणाला, रजा बघतो. बघतच राहिला.

पण सगळं त्यांच्यावर ढकलणं बरोबर नाही. मीच गेले नाही. मनात आणलं असतं तर माहेरी जाऊन, वडिलांना बरोबर घेऊन एका दिवसात जाऊन आले असते. मला कळून घ्यायचंच नव्हतं. जानीआजीच्या त्या दोन डोक्यांवर माझं ताट उभं होतं. मशीन म्हणालं असतं एकच, तर मी कुठल्या तोंडाने पातेलं ओढलं असतं? एका मुलाची आई भुकेली आहे, हे पुरेसं कारण आहे असं म्हणायची हिंमत माझ्यात अजून आली नव्हती. पंगतीत पातेलं ओढायची आली होती, पण एवढी नव्हती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहिते आहे.

त्याच वर्षांत आमच्याकडे पेपरवाले फार यायचे. हडकुळ्या पोरांचे फोटो काढायचे आणि मला विचारायचे, मॅडम, या बायकांना आहाराचं महत्त्व कळत नाही का हो? मी पोट पुढे काढून त्यांच्यासमोर उभी राहायचे. म्हणायचे, भूक सगळ्यांना कळते साहेब, त्याला अक्षरओळख लागत नाही. आधी बाराही महिने घरात धान्य राहील असं करा, ओढ्यावर पूल बांधा, मग आहारावर बोलू. ते वहीत काय लिहायचे कोण जाणे. छापून कधी आलं नाही.

आता पूल झाला आहे. मशीनही आलं. परवा शाळेतल्या नव्या शिक्षिकेने मला मोबाईलवर काळापांढरा फोटो दाखवला, मॅडम, तिसराच महिना आणि एकच आहे हे कळलंसुद्धा. मला आनंद झाला. तरी मी तिला पहिलं काय विचारलं असेल, तर सकाळी काय खाल्लंस. ती म्हणाली, चहा. तिला माझ्या खुर्चीत बसवून माझा डबा संपवायला लावला. तिला वाटलं असेल म्हातारीचं डोकं फिरलंय. फिरू दे.

त्या वर्षीच्या पौषात, संक्रांत झाल्यावर, एका सकाळी मला कळा सुरू झाल्या. जानीआजी आली. दुपार झाली, संध्याकाळ झाली, काही पुढे सरकेना. आजीने दोनदा तपासलं आणि तिसऱ्यांदा तपासताना तिचा चेहरा उतरला. सासूबाईंनी मग कुणाला विचारलं नाही. स्वतः धावत जाऊन रस्त्यावर आडव्या उभ्या राहिल्या आणि मोखाड्याहून येणारी भरलेली जीप त्यांनी रिकामी करून घेतली. माणसं खाली उतरली. जीपमध्ये माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. आम्ही दोघी त्याच मांडीवरच्या कुठल्या डोक्याचा विचार करत होतो हे दोघींनाही माहीत होतं. ओढा कोरडा होता. जीप पार झाली.

जव्हारच्या दवाखान्यात मी पुढे काय काय ओरडले ते मला आठवत नाही, बरंच आहे. उजाडल्यावर मुलगी झाली. टाके पडले, रक्त गेलं, पण आम्ही दोघी जिवंत होतो. बरोबर आलेली जानीआजी नर्सला विचारत राहिली, दुसरं कुठाय, नीट बघा ना बाई. नर्स म्हणाली, आजी, एकच आहे, पण वजन बघा. पावणेचार किलो.

एकच! सासूबाई आता बोलणार हे मला माहीत होतं. बघ, एकच होतं, अडलीस की नाही, मरता मरता वाचलीस. त्यांचं बरोबरच होतं, आणि तरी मी उत्तर तयार ठेवलं होतं. की हो, अडले. आणि पुन्हा दिवस गेले तर पुन्हा एवढंच खाईन. एकच असलं तरी खाईन.

त्यांनी मुलीला उचललं. मांडीवर नाही घेतलं, दोन्ही हातांवर आडवं धरलं आणि खिडकीच्या उजेडात नेलं. वर-खाली करून तिचा भार बघत राहिल्या. बराच वेळ. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या,

"माझी दोनी मिळून एवढी नव्हती."

मला आधी कळलंच नाही. मग त्या सांगत गेल्या, तुटक तुटक, खिडकीशीच बोलल्यासारखं. माझ्या नवऱ्याच्या आधीची गोष्ट. दोन होते. दोन आहेत म्हणून त्यांच्या सासूने ताट निम्मं केलं होतं, सगळे म्हणाले म्हणून त्यांनी खाल्लंही निम्मंच. सुगीचेच दिवस होते. त्रास काही झाला नाही, म्हणाल्या, सोपं झालं बाळंतपण, अडलं नाही काही. एक संध्याकाळपर्यंत होता. दुसरा सकाळपर्यंत.

एवढ्या वर्षांत हे त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं. सुगीभर मी ज्या पाठीकडे बघून हट्टाने जेवत होते, त्या पाठीला हे सगळं माहीत होतं. तरीही तिने पातेलं माझ्यासमोरून एकदाही उचललं नव्हतं. तयार ठेवलेलं उत्तर मी टाकून दिलं. त्यांच्यावरचा माझा राग तिथे संपला. त्या रीतीवरचा मात्र दुप्पट झाला, तो अजून आहे.

इतक्यात माझ्या माहेरून डबा आला. मऊ भात, तूप, मेथीची भाजी. सासूबाईंनी झाकण काढलं, माझ्यासाठी ताटलीत वाढलं, या खेपेला शीग लावून, आणि माझ्यापुढे धरलं. त्यांचे ओठ सुकले होते. कालच्या सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मी ताटली हातात घेतली नाही. म्हटलं, "आई, आधी तुम्ही."

नको नको करत त्या कॉटच्या कडेला टेकल्या. सुनेसमोर, सुनेच्या आधी, बाळंतिणीच्या ताटातलं खायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिला घास घेताना त्यांनी दाराकडे बघितलं, कुणी बघत नाही ना म्हणून. मी ठाम होते. मग त्या खाली मान घालून जेवल्या, भराभर. ताटली रिकामी झाली तशी त्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझी सासू, पन्नास वर्षांची बाई, पोरीसारखी ताटली पुढे करून म्हणाली,

"आनखी हाय का गं?"